डोंगर रिकामे कोण करतं?

तुम्ही लडाखला जाऊन आला असाल तर तुमच्याकडे एक फोटो असणारच. वर जवळजवळ काळपट निळं आकाश, खाली तपकिरी-जांभळट डोंगर, मधे पाण्याचा नाहीतर वाळूचा पट्टा, आणि माणूस एकही नाही. माझ्याकडेही आहे. २०१७ च्या ऑगस्टमधला. तेव्हा मी एम.एस्सी.ला होते, पीएच.डी.चा विचारही डोक्यात नव्हता, आणि मावसभावाचा डीएसएलआर गळ्यात अडकवून पेन्सी ला खिंडीच्या वळणावर थंडीत कुडकुडत उभी होते. त्या फोटोला कॉलेजच्या प्रदर्शनात दुसरं बक्षीस मिळालं. आईनं तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला, अजून तिथेच आहे. आज मी त्याच फोटोवर टीका लिहायला बसले आहे, कारण गेल्या दोन वर्षांत त्यानं मला बराच मनस्ताप दिलाय.

आधी जागा सांगते. कारगिलहून झंस्करमधल्या पदुमकडे जाताना ही खिंड लागते, उंची साधारण ४,४०० मीटर. खिंड ओलांडली की उजव्या हाताला द्रांग द्रुंग हिमनदी दिसते. वीस किलोमीटरहून लांब, इंग्रजी 'एस'सारखी वळत आलेली, मधोमध काळ्या दगडांच्या रेघा. रस्त्यावरून, गाडीतून उतरून चार पावलं टाकली की एवढी मोठी हिमनदी समोर, अशा जागा आपल्याकडे फार नाहीत. त्यामुळे झाडून सगळे थांबतात आणि सगळे जवळपास तोच फोटो काढतात.

माझ्या मूळ फोटोत हिमनदीखेरीज बरंच काही होतं. डाव्या कोपऱ्यात मैलाचा दगड. त्याच्या मागे दोन खांबांना बांधलेली, वाऱ्यानं फाटलेली पताकांची माळ. वळणावर अर्धा ट्रक. पुण्याला परत आल्यावर मी एक अख्खी रात्र घालवून ते सगळं काढलं. ट्रक आणि पताका क्लोन करून पुसल्या, मैलाचा दगड कापला, आणि (हे सांगताना अजून कान गरम होतात) मागची शिखरं जरा बुटकी वाटत होती म्हणून वरचा भाग थोडा ताणला. मग 'सेव्ह' केलं, त्याच फाइलवर. मूळ फाइल गेली.

आता पीएच.डी.कडे येते. हिमनदीच्या मुखापाशी बर्फ किती मागे सरला, त्याच्यापुढचा हिमोढ, म्हणजे हिमनदीनं वाहून आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा बांध, कसा ढासळतोय, हे मी बघते. मुख्य काम उपग्रहाच्या चित्रांवर चालतं. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटरचा, २०१५ पासून मिळणाऱ्या सेंटिनल-२ चा १० मीटरचा. एवढ्यात हिमनदीची सरहद्द कळते. पण बांधाची कड कुठे खचली, बर्फाच्या भिंतीला तडे कसे गेले, असल्या गोष्टी वरून नीट दिसत नाहीत. तिथे जमिनीवरून काढलेला साधा फोटो उपयोगी पडतो. जुना फोटो घ्यायचा, बरोबर त्याच जागी उभं राहून पुन्हा काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. याला पुनर्छायाचित्रण म्हणतात. १९२१ साली जॉर्ज मॅलरीनं एव्हरेस्टच्या उत्तरेकडून रोंगबुक हिमनदीचा फोटो काढला होता. डेव्हिड ब्रीशर्स या गिर्यारोहकानं २००७ मध्ये तीच जागा शोधून तोच फोटो पुन्हा काढला. दोन्हींत शिखर जसंच्या तसं आहे आणि खालच्या बर्फाची जाडी सुमारे शंभर मीटरनं उतरलेली आहे. प्रत्येक जोडी अशी धक्कादायक निघते असंही नाही. व्हित्तोरियो सेल्लानं १९०९ मध्ये काराकोरममधल्या बाल्टोरो हिमनदीचे मोठ्या काचेच्या पट्ट्यांवर फोटो काढले होते. शंभर वर्षांनी त्याच जागांवरून काढलेल्या फोटोंत फारसा फरक दिसत नाही, आणि काराकोरममधल्या हिमनद्या इतरांसारख्या का वागत नाहीत हा आमच्या विषयातला आवडता वादाचा मुद्दा आहे. म्हणजे जुना फोटो काय सांगेल ते आधी ठरलेलं नसतं. म्हणूनच तो पुरावा.

एका मीटिंगमध्ये सर सहज म्हणाले, "तू तर २०१७ ला जाऊन आली होतीस ना? फोटो असेल की." मी उत्साहात लॅपटॉप उघडला. सरांनी चष्मा वर केला, मिनिटभर पाहिलं आणि विचारलं, "पुढचं काही कुठंय?"

पुढचं म्हणजे काय, ते समजून घेऊ. चालत्या एसटीच्या खिडकीतून जवळचे खांब झपाझप मागे पळतात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर चालत येतो, हे तुम्ही हजारदा पाहिलंय. फोटो कुठून काढला हे शोधण्याचं गणित तेवढंच आहे. समजा, मी रस्त्यावर दहा मीटर डावीकडे सरकले. पाच किलोमीटरवरचं शिखर माझ्या दृष्टीनं फक्त ०.११ अंशानं सरकतं. माझ्या फोटोच्या हिशेबात दहा-अकरा पिक्सेल. पण वीस मीटरवरचा मैलाचा दगड त्याच दहा मीटरात सव्वीस अंशांनी सरकतो, म्हणजे जवळपास अर्धी चौकट ओलांडतो. थोडक्यात, लांबची शिखरं एवढंच सांगतात की तुम्ही त्या वळणाच्या आसपास कुठेतरी होतात. नेमकं पाऊल कुठे होतं हे जवळचा दगड सांगतो. मी दगड कापला होता. आणि शिखरं ताणल्यामुळे त्या दहा-अकरा पिक्सेलांचाही भरवसा राहिला नव्हता.

सर रागावले नाहीत. "छान फोटो आहे," म्हणाले. ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी विचार करतेय की तो दगड मी पुसलाच का. कुणी सांगितलं नव्हतं. डोंगराचा 'चांगला' फोटो असाच असतो, हे मला कुठूनतरी माहीत होतं. फोटोग्राफीच्या कुठल्याही कार्यशाळेत हे 'कुठूनतरी' शोधत गेलात की अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सपाशी पोचता. कॅलिफोर्नियातल्या डोंगरांचे त्याचे काळे-पांढरे फोटो आपल्याकडच्या हौशी छायाचित्रकारांनाही तोंडपाठ असतात. मलाही होते, आणि आवडायचे. अजूनही आवडतात, त्यामुळे पुढचं जरा जपून लिहिते.

१९४४ मधला त्याचा एक प्रसिद्ध फोटो आहे, लोन पाइन गावाजवळून दिसणाऱ्या सिएरा नेव्हाडाच्या हिवाळी सूर्योदयाचा. मागे बर्फाची धारदार रांग, मधे काळ्याकुट्ट टेकड्या आणि पुढे उन्हाचा एक तुकडा, त्यात चरणारा घोडा. ही ओवेन्स खोऱ्यातली जागा. एका बाजूला चार हजार मीटरच्या वर जाणारे डोंगर आणि पायथ्याशी वाळवंट, आपल्या लडाखची आठवण यावी असा मुलूख. या फोटोसाठी अ‍ॅडम्स कडाक्याच्या थंडीत अनेक पहाटे तिथे गेला, आणि घोडा तोंड फिरवून उभा होता तो वळून आडवा दिसेपर्यंत थांबला. पण त्या काळ्या टेकडीवर गावच्या शाळेतल्या मुलांनी पांढऱ्या दगडांची 'एल' आणि 'पी' ही भलीमोठी अक्षरं रचलेली होती. अ‍ॅडम्सनं ती पुसून टाकली. लपवलं नाही, स्वतःच लिहून ठेवलंय, आणि आपण एवढे सोवळे नाही अशा अर्थाचं समर्थनही केलंय.

आता बघा, घोडा ठेवला आणि अक्षरं काढली. घोडा काही तिथला रानटी प्राणी नाही, तोही माणसानंच आणून बांधलेला. पण घोडा 'निसर्गात' खपतो, शाळेतली पोरं खपत नाहीत. निवड सौंदर्याची आहे, मान्य. तरी त्या निवडीला तिची म्हणून एक बाजू आहे.

ती बाजू किती जड होऊ शकते, तेही त्याच खोऱ्यात दिसतं. लोन पाइनपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर मांझानार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच देशातल्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना पकडून छावण्यांत ठेवलं, त्यातली ही एक, दहा हजारांवर माणसांची. अ‍ॅडम्स त्या काळात या खोऱ्यात होता तो छावणीचे फोटो काढण्यासाठीच. त्याला हा अन्याय टोचत होता. १९४४ मध्ये त्यानं 'बॉर्न फ्री अँड ईक्वल' हे पुस्तक काढलं, माणसांच्या चेहऱ्यांचं, ऐन युद्धात, आणि ते सोपं नव्हतं. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण याच छावणीच्या परिसरातून त्यानं माउंट विल्यमसनचा फोटो घेतला. पुढे प्रचंड धोंड्यांचं मैदान, मागे ढगांतून फुटणारा प्रकाश, जणू पृथ्वी आत्ताच तयार झालीय. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'द फॅमिली ऑफ मॅन' या गाजलेल्या प्रदर्शनात तो लागला. त्या फोटोकडे कितीही वेळ पाहिलंत तरी जवळच दहा हजार माणसं कोंडलेली आहेत हे तुम्हाला कळणार नाही. त्याच छावणीत तोयो मियाताके नावाचा छायाचित्रकार कैदी म्हणून होता. त्यानं चोरून एक लेन्स आत नेली आणि लाकडी खोक्याचा कॅमेरा बनवला. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध फोटोत काटेरी तारेपाशी तीन मुलगे उभे आहेत, मागे पहाऱ्याचा मनोरा. अ‍ॅडम्सला कुंपण, मनोरे आणि पहारेकरी टिपायला मनाई होती. त्यामुळे ही काही सरळ तुलना नव्हे. तरी मला विचाराल तर त्या खोऱ्याचा खरा फोटो मियाताकेचा.

आणखी एक. ओवेन्स खोरं आज इतकं कोरडं दिसतं त्याचं कारण नुसतं हवामान नाही. १९१३ मध्ये लॉस एंजेलिसनं कालवा काढून तिथलं पाणी पळवलं, आणि ओवेन्स तलाव आटून धुळीचं मैदान झाला. 'अनादि' वाटणाऱ्या या वाळवंटाचा एक हिस्सा एका महानगरपालिकेनं तयार केलेला आहे. रिकामा फोटो हे सांगू शकत नाही.

मग फोटोला हातच लावायचा नाही का? तसं नाही, आणि इथे अ‍ॅडम्सच माझ्या मदतीला येतो. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. खाली दफनभूमीतले पांढरे क्रूस, वर काळंभोर आकाश आणि चंद्र. त्या संध्याकाळी त्याला प्रकाशमापक सापडेना, म्हणून चंद्राच्या तेजावरून अंदाज बांधून त्यानं एक प्लेट उघडली. दुसरी काढेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. नंतरच्या प्रतींत त्यानं आकाश इतकं गडद केलं की त्यातले पुसट ढगही नाहीसे झाले. म्हणजे फेरफार भरपूर. तारखेच्या बाबतीत तर हा माणूस अगदीच भोंगळ, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी सालं सांगायचा. पण चंद्र, मागचे डोंगर आणि पुढचे क्रूस एकमेकांपासून जिथे होते तिथेच राहिले होते. खगोलशास्त्राच्या लोकांनी तेवढ्यावरून हिशेब मांडला. आधी डेव्हिड एल्मोर यांनी ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. मग १९९१ मध्ये डेनिस डी चिको यांनी ती सुधारली: १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटं २० सेकंद. काढणाऱ्याच्या आठवणीपेक्षा फोटो जास्त खरा निघाला.

माझं म्हणणं इथे आलं. उजेड-अंधार कमी-जास्त करणं ही एक गोष्ट, आणि जे होतं ते नाहीसं करणं किंवा हलवणं ही वेगळी गोष्ट. पहिलीत फोटो तुमचा होतो. दुसरीत तो त्या जागेचा राहत नाही.

लडाखमध्ये हे जास्तच जाणवतं, त्याला भौतिक कारण आहे. सह्याद्रीत हरिश्चंद्रगडावरून पाहिलंत तर एकामागे एक रांगा फिकट निळ्या होत जातात. मधल्या हवेतली वाफ आणि धूळ प्रकाश विखुरते, त्यामुळे लांबचं लांब दिसतं. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, वाफ नाहीच, लेहला वर्षाचा पाऊस दहा सेंटिमीटरच्या आगेमागे. वीस किलोमीटरवरचा डोंगर दोन किलोमीटरवरच्याइतका कोरीव दिसतो. झाडंही नाहीत की ज्यांवरून उंची जोखावी. आणि खडकाचा स्वभाव असा की हातभर तुकडा आणि कोसभर कडा फोटोत सारखेच दिसतात. म्हणून तर भूशास्त्राचे विद्यार्थी खडकाचा फोटो काढताना शेजारी हातोडा नाहीतर नाणं ठेवतात. पर्यटक ज्याला 'मधे आलेलं' म्हणतो, विजेचा खांब, ट्रक, मेंढपाळ, तो आमचा हातोडा असतो. तो काढलात की डोंगर मोठा होत नाही, फक्त केवढा आहे ते कळेनासं होतं. मी ज्या बुटक्या वाटणाऱ्या शिखरांना ताणलं ती बुटकी वाटत होती कारण त्यांचं माप सांगणारा ट्रक मी आधीच पुसला होता!

आता त्या नजरेनं आपल्या लोकांचे लडाखचे फोटो बघते तेव्हा जे नाही तेच दिसतं. हुंडरच्या वाळूत दोन मदारींच्या उंटांची रांग असते, पण दोरी धरणारा उंटवाला चौकटीबाहेर. ते उंट मध्य आशियाशी चालणाऱ्या व्यापाराच्या वाटेवरचे, व्यापार बंद झाला आणि ते मागे राहिले. माणसाशिवाय तिथे ते असण्याचं कारणच नाही. पँगाँगला 'थ्री इडियट्स'मधल्या स्कूटरची आणि विचित्र स्टुलांची नक्कल मांडून ठेवलीय, तिथे पैसे देऊन बसता येतं. फोटोग्राफर मंडळी तिला शिव्या घालत चौकट वळवतात. मला तर आता वाटतं, २००९ नंतरच्या पँगाँगचा प्रामाणिक फोटो त्या पिवळ्या स्कूटरशिवाय होत नाही. हानलेच्या आकाशगंगेचे फोटो हा वेगळाच विषय, कित्येकदा जमीन एका वेळची आणि आकाश दुसऱ्या वेळचं असतं. असो, त्यावर पुन्हा कधीतरी.

माझा एक मित्र आयटीत आहे, दर वर्षी बाइकवर जातो, फोटो उत्तम काढतो. त्याला हे सगळं ऐकवलं तर म्हणाला, "अगं, वर्षभर माणसं आणि ट्रकच बघतो मी. सात दिवस ते दिसू नयेत म्हणून तर जातो." याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. छंदाकडून पुराव्याची अपेक्षा करणं थोडं उर्मटपणाचं आहे, मान्य. पण त्या सात दिवसांत त्याच्यासाठी रस्ता राखणारे झारखंड-बिहारचे मजूर, चहा देणारी आचे, डिझेल आणणारा ट्रक, हे सगळे होतेच, आणि त्याच्या शंभर फोटोंत त्यांच्यातलं कुणीही नाही. तो शांततेचा फोटो काढतोय असं त्याला वाटतं. मला त्यात खोडरबर दिसतं. निदान मूळ फाइल ठेव, एवढं मात्र त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. तुम्हीही ठेवा. फोनमधली वेळ आणि ठिकाणाची नोंद चालू असेल तर आणखी उत्तम. तुमच्या एका कंटाळवाण्या फोटोवर पंधरा वर्षांनी कुणाचातरी एक आलेख उभा राहू शकतो.

माझ्या २०१७ च्या प्रश्नाचं उत्तर शेवटी त्याच सहलीतल्या एका मैत्रिणीच्या जुन्या फोनमध्ये मिळालं. तिला फोटोग्राफीत काडीचा रस नाही. त्या वळणावर तिनं एकच फोटो काढला होता. आम्ही चौघी मैलाच्या दगडावर थर्मास ठेवून उभ्या, माझे डोळे मिटलेले, पताका कुणाच्यातरी तोंडावर, एका कोपऱ्यात तिचं बोट, आणि आमच्या खांद्यांमधून हिमनदीचं मुख अगदी स्पष्ट. गेल्या सप्टेंबरमध्ये मी तो छापून बरोबर नेला. दगड नव्यानं रंगवलेला होता, पण जागेवर होता. त्याच्या कडेवरून आणि मागच्या दोन शिखरांवरून तिची उभी राहण्याची जागा हातभर इकडेतिकडे एवढ्या अचूकतेनं सापडली. तिपाई लावली, फोटो घेतला. ड्रायव्हर तोवर थर्मास उघडून दगडावर टेकला होता. मी त्याला हटायला सांगितलं नाही.